कपावरची रेघ

ता. ४ फेब्रुवारी

चि. बिट्टीस, तुझ्या आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं. एकदा चष्म्याशिवाय, तेव्हा काहीच कळलं नाही, आणि एकदा चष्म्यासकट. प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि दिवसभर कोंबड्यांची विष्ठा काचेवर घेऊन बघायची असते, हे वाचून मला इतका आनंद झाला की तशीच शेजारणीकडे गेले. ती म्हणाली की एवढं शिकून पोरीच्या नशिबी हेच का. मी म्हटलं की हेच काम मी चाळीस वर्षं करतेय, पण मला कुणी पांढरा कोट शिवला नाही. नात माझ्यापुढे गेली की नाही?

फोन करत जा म्हणतेस. अगं, फोनवर तुझं अर्धं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरते, त्यातून घोटाळे होतात. पत्र बरं, डब्यात ठेवता येतं. शिवाय माझी शाळा दुसरीत सुटली. जेवढी अक्षरं येतात तेवढी वापरत राहिले नाही तर तीही गंजतील.

आता मूळ गोष्ट सांगते, जी मघापासून मुद्दाम मागे ढकलतेय. या बॅचची बेचाळीस पिल्लं होती, त्यातली एकतीस गेली. तीन आठवड्यांची झाली की पंख पाडून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त येतं आणि दोन दिवसांत कारभार आटोपतो. रक्ती हगवणच ती, मला काही नवीन नाही. पण पूर्वी पाण्यातून औषध दिलं की तिसऱ्या दिवशी उठून एकमेकांच्या डोक्यावर पाय देत दाणे टिपायची. आता औषध देतेय की नुसतं पाणी, तेच कळत नाही. मागच्या बॅचलाही निम्मी गेली होती, ते तुला कळवलं नव्हतं. औषधवाला म्हणतो की डबा ताजा आहे. मी झाकण उघडून वाससुद्धा घेतला. वास तोच आहे.

रविवारी तुझा बाप येऊन गेला. रिकामं खुराडं बघून बराच वेळ बोललाच नाही, आणि माझा मुलगा गप्प बसला की मला धास्ती वाटते. मग म्हणाला की आई, आणखी एक बॅच बघू. तीही गेली तर खुराडं मोडायचं, मोठ्या कोंबड्या देऊन टाकायच्या आणि तू आमच्याकडे यायचं. खोली तयार आहे, खिडकीला निळा पडदासुद्धा लावलाय म्हणे, फुलाफुलांचा. प्रेमानंच बोलतो गं, राग कसा येईल. पण चौथ्या मजल्यावरचा पडदा सरकवून मी बघू काय? समोरच्यांचा पडदा?

आपल्या ठिपकेवाल्या कोंबड्या तुझ्या पणजीपासून चालत आल्यात. आता मोठ्या अकरा उरल्या आणि एक कोंबडा, जो स्वतःला फार समजतो. पुढची बॅच मोडली की हे वाण संपलं आणि माझंही इथलं काम संपलं. तेव्हा तुझ्या त्या काचेखाली काही दिसतं का ते बघ.

लोभ असू दे, माझ्यावरही आणि पिल्लांवरही.

तुझी आजी


ता. ११ फेब्रुवारी

ति. आजीस, बिट्टीचा सा. न. वि. वि.

एकतीस पिल्लं गेली आणि तू तिसऱ्या परिच्छेदात सांगतेस. मागच्या बॅचचं तर लपवूनच ठेवलंस. बाबांच्या गप्प बसण्याला नावं ठेवू नकोस, ते त्यांनी कुणाकडून घेतलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

आता नीट ऐक. नवं औषध आणू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. आजारी पिल्लांची विष्ठा रुंद तोंडाच्या बरणीत भर, घट्ट झाकण लाव आणि पाठव. पत्ता मागे लिहिलाय. रक्ती हगवण ज्यानं होते तो परजीवी डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो. पिल्लाच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे भुशात पडतो. तो मला जिवंत हवाय.

आणि मला सगळं लिही. औषध किती देतेस, कशानं मोजतेस, कधी कधी देतेस. तुला फालतू वाटेल तेही लिही. त्यात तू तरबेज आहेसच.

तुझी लाडकी आणि सध्या वासाची,
बिट्टी


ता. १७ फेब्रुवारी

चि. बिट्टीस, अनेक आशीर्वाद आणि एक बरणी.

बरणी लिंबाच्या लोणच्याची होती, तीनदा धुतली, तरी वास आला तर घाबरू नकोस, तो परजीवीचा नव्हे. टपालातल्या बाईंनी विचारलं की आत काय आहे. मी सांगितलं की नातीला तिच्या आवडीची वस्तू पाठवतेय. त्या म्हणाल्या की नशीबवान आहे. मी मान हलवली.

आता तुझे प्रश्न. औषध देते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सगळ्यांना, आजारी असोत नसोत. आधीच दिलेलं बरं, आजार आल्यावर धावपळ कशाला. हे माझं मीच ठरवलेलं, बरीच वर्षं झाली. आणि पिल्लं आजारी पडली की मग रोज, पाच दिवस.

मोजते डब्याबरोबर आलेल्या पांढऱ्या कपानं. आठवतो का? तू नऊ वर्षांची होतीस, सुट्टीला आली होतीस. कपावरचे आकडे इतके बारीक की मला दिसेनात, म्हणून तू डब्यावरचं वाचून कपावर रेघ ओढून दिलीस आणि म्हणालीस की आजी, इथपर्यंत भरायचं आणि एका बादलीत घालायचं. तेव्हापासून ती रेघ म्हणजे माझा कायदा. डबे किती आले गेले, कप तोच. तुझ्यासाठी आत्ता मोजून बघितला. तळापासून रेघेपर्यंत माझ्या अंगठ्याचं पहिलं पेर बसतं, बरोबर.

इतकी वर्षं माझ्या नातीनं लावून दिलेल्या मापानं कोंबड्या जगवल्या, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. औषधवाल्याला तर पाठ झालंय.

अंडी साठवायला तुझं उत्तर आलं की सुरुवात करते. आता सारं तुझ्या काचेवर.

लोभ ठेव. ठेवशीलच म्हणा.

तुझी आजी


ता. १२ मार्च

ति. आजीस, सा. न.

उशीर झाला. निकाल पक्का झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं, आणि पक्का झाल्यावर लिहवेना.

तुझ्या बरणीतल्या परजीवींवर ते औषध आता चालत नाही. आम्ही इथल्या पिल्लांना तो परजीवी दिला आणि पूर्ण मापानं औषध दिलं, तरी तो वाढतच राहिला. असं कसं होतं ते सांगते. औषध कमी पडलं की कमजोर परजीवी मरतात आणि जे सोसू शकतात ते राहतात. पुढची पिढी त्यांचीच होते. दर महिन्याला असं होत गेलं की वर्षानुवर्षांनी खुराड्यात फक्त सोसणारेच उरतात. तसंच झालंय.

आणि औषध कमी का पडलं, तर आजी, तोच कप आमच्याकडेही आहे. तुझ्या अंगठ्याचं पेर माझ्या पेराएवढंच आहे, मागच्या सुट्टीत आपण हात लावून बघितलं होतं. मी मोजलं. बादलीला जेवढं लागतं त्याच्या निम्मं होतं तिथपर्यंत. म्हणजे रेघ मी चुकीच्या जागी ओढली. ज्या विषयावर मी आता लोकांना व्याख्यानं देते, तो घोळ मीच नऊ वर्षांची असताना तुझ्या खुराड्यात घातला. एकतीस पिल्लं, त्याआधीची निम्मी बॅच, सगळी माझ्या रेघेवर गेली. आठवडाभर प्रयोगशाळेतल्या सरांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय.

आता उपाय. नवं औषध दिलं तर दोन-तीन वर्षं चालेल, मग त्याचंही हेच होईल. दुसरा रस्ता आहे, तो विचित्र वाटेल. ज्या परजीवींनी औषध कधी बघितलंच नाही, असे साधे परजीवी आणून तुझ्या भुशात थोडे पसरायचे. पिल्लांना ते अगदी लहानपणी, थोडेसे लागले की हलका आजार येतो आणि मग जन्मभराची ताकद येते. शिवाय हे साधे इतके वाढतात की सोसणाऱ्यांची गर्दीत डाळ शिजत नाही. काही महिन्यांनी औषध पुन्हा लागू पडायला लागतं.

पण असे परजीवी कुणाकडे मिळतील? जिनं कोंबड्यांना औषधाचा थेंबही पाजला नाही तिच्याकडे. तुला माहीत आहे मी कुणाबद्दल बोलतेय. रागावू नकोस. धाकट्या आजीकडून एक बरणी आण. आधी मी तपासते, दुसरा काही आजार नाही ना ते.

तोवर जुना भुसा सगळा काढ, जमीन खरवड, चुना लाव, खुराडं उघडं ठेवून वाळू दे. मोठ्या कोंबड्या दुसरीकडे हलव.

मला माफ कर.

बिट्टी


ता. २० मार्च

चि. बिट्टीस, आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस.

नऊ वर्षांच्या पोरीनं रेघ ओढली आणि सत्तरीच्या बाईनं ती डोळे मिटून पाळली, तर चूक पोरीची कशी? तरी मला त्या रेघेचं काहीतरी आठवल्यासारखं होतंय, पण नीट धरता येत नाही. आठवलं की लिहीन. आधी पिल्लं.

तू काय मागितलंस ते तुला तरी कळलं का? तुझ्या धाकट्या आजीशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. मीच औषधवाल्याच्या दुकानात, चार लोकांसमोर म्हणाले होते की हिच्या खुराड्याच्या घाणीनं सगळ्या गल्लीच्या कोंबड्या मरणार. ती म्हणाली होती की जाऊबाई कोंबड्या पाळतात की दवाखाना चालवतात. तेव्हापासून एकमेकींच्या दारावरून जाताना आम्ही छत्री आडवी धरतो, ऊन असो नसो.

मी तीनदा निघाले. दोनदा परत आले, एकदा छत्री विसरले म्हणून आणि एकदा छत्री घेतली होती म्हणून. तिसऱ्यांदा पोचले. ती पायरीवर बसून एका कोंबडीच्या पायाला पट्टी बांधत होती. वाटेत मी चांगलं घोकून गेले होते, तब्येत विचारायची, हवापाण्याचं बोलायचं. तोंडातून निघालं ते हे की मला तुझी घाण हवीय, एक बरणीभर. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य हे.

तिनं आधी कोंबडी घट्ट धरली. मग अशी हसली की कोंबडी सुटली आणि पट्टी लांबपर्यंत तिच्यामागे गेली. आम्ही दोघी तिला धरायला धावलो. मी दारातून आणि ती मोरीतून, अशी कोंडून धरली. चहा प्यायलो. तुझं सगळं पत्र तिला वाचून दाखवलं, परजीवीसकट.

देते म्हणाली, पण एका अटीवर. त्याच दुकानात, तसंच चार लोकांसमोर मी म्हणायचं की हिची घाण माझ्या औषधापेक्षा बरी. मी गेले नाक मुठीत धरून आणि म्हणाले. औषधवाल्याच्या हातातलं चमचाभर काहीतरी तसंच राहिलं. चारऐवजी सहा लोक होते, ते तिनं मागाहून मोजून सांगितलं.

बरणी सोबत आहे. खुराडं खरवडून झालं. चुना माझ्या केसांतही आहे. तीस तारखेला अंडी उबवणीच्या पेटीत ठेवते.

लोभ असावा. आता तो दोन आज्यांना वाटून दे.

तुझी आजी


ता. १४ एप्रिल

ति. आजीस आणि धाकट्या आजीस, सा. न. वि. वि.

धाकट्या आजीची घाण पहिल्या वर्गात पास झाली. परजीवी आहेत, साधे आहेत, औषधानं पटकन मरतात, आणि दुसरा आजार काही सापडला नाही. सरांनी विचारलं की इतका स्वच्छ नमुना मिळाला कुठून. मी म्हटलं की दोघींच्या भांडणातून. त्याच वेळी रेघेचंही सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत.

पिल्लं तीन दिवसांची झाली की तिकडचा टोपलीभर भुसा नव्या भुशावर पातळ पसरायचा. भुसा अगदी कोरडा नको आणि ओला तर मुळीच नको, मुठीत दाबला की सुटा झाला पाहिजे. त्यानंतर सहाव्या-सातव्या दिवशी पिल्लं मलूल होतील. तेव्हा औषध द्यायचं नाही. आजी, हे मी दोनदा लिहिते. औषध द्यायचं नाही. दिलंस तर साधेच मरतील आणि आपण होतो तिथेच राहू. विष्ठेत खूप रक्त दिसलं आणि पिल्लं पडायला लागली तरच मला कळव. फोनवर, ऐकू आलं नाही तरी.

चुकलं तर तुझी शेवटची बॅच, आणि तीही माझ्याच सांगण्यावरून.

बिट्टी


ता. १८ मे

चि. बिट्टीस, दोन्ही आज्यांचे भरघोस आशीर्वाद.

आधी आकडा सांगते, म्हणजे तू बाकीचं निवांत वाचशील. चौसष्ट निघाली होती, एकसष्ट आहेत. चार आठवडे पुरे झाले.

आता पाणी पी आणि पुढे वाच.

तू सांगितलंस तसा तिसऱ्या दिवशी भुसा पसरला. धाकटी स्वतः टोपली घेऊन आली, दुसऱ्या कुणाच्या हातात देईना. सातव्या दिवशी पिल्लं फुगून बसली. दाणे पुढे टाकले तर बघतात आणि डोळे मिटतात. विष्ठेत थोडं तांबडं. बिट्टे, तुझं पत्र माझ्या कनवटीला होतं, तरी दुपारी मी औषधाचा डबा काढला, बादली भरली, कप हातात घेतला. चाळीस वर्षांचा हात आहे, तो पत्र वाचत नाही. तेवढ्यात धाकटी आली. माझ्या हातातला डबा घेतला, पदराखाली धरला आणि आपल्या घरी घेऊन गेली. म्हणाली की जाऊबाई, पिल्लं उठली की या आणि घेऊन जा. मी बादली तशीच ओतून दिली आणि पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी एक गेलं, दुसऱ्या दिवशी दोन. मी मनातल्या मनात माझ्या चार वस्तूंची गाठोडी बांधायला घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तर पायात घोळका. एकानं चपलेचा अंगठा टोचला. मी तिथेच उभी राहून टोचून घेतलं.

पंधराव्या दिवशी पुन्हा जरा ढेपाळली, पण या खेपेला मी डब्याकडे गेले नाही. डबा होताच कुठे.

तुझा बाप काल आला. तीनदा मोजली, तीनदा वेगळा आकडा आला, शेवटी माझ्यावर विश्वास ठेवला. बराच वेळ गप्प, पण या वेळी धास्ती वाटली नाही. जाताना म्हणाला की खुराड्याचं दार नीट लागत नाही, पुढच्या रविवारी बिजागरी घेऊन येतो. मोडणारा माणूस बिजागरी आणत नाही, हे तुला कळतंच.

आता रेघेचं. धाकटी शेजारी बसलीय, म्हणते की माझंही लिही. ती सांगते तसंच लिहिते.

बिट्टीला आशीर्वाद. तुझ्या आजीला घाणीची किंमत उशिरा कळली. (हे मी लिहिलं, पण मला मान्य नाही.) ती रेघ तू माझ्या नखरंगानं ओढली होतीस. माझी नवीकोरी बाटली पळवली होतीस तू, ते मी अजून विसरलेली नाही. नखरंग लाल होता. परवा मी डबा परत द्यायला आले तेव्हा कप पाहिला, तर रेघ काळी. मी विचारलं की लाल रेघ गेली कुठे.

एवढंच तिचं. आणि मला एकदम सगळं आठवलं. तुझी लाल रेघ दोन-तीन वर्षांत घासून घासून गेली. मग काळ्या रंगानं मी नवी ओढली. नेमकी कुठे होती ते ध्यानात नव्हतं आणि औषधही त्या वर्षी मिळत नव्हतं, डबा पुरवून वापरायचा होता. म्हणून जरा खाली ओढली, तेवढ्यापुरती. पुढे तेवढ्यापुरती होती हे विसरले आणि तुझीच समजून पाळत बसले. वर तुझं नाव सगळ्यांना सांगत सुटले. तेव्हा ही रेघ माझी आहे बाई, तुझी नाही.

तू म्हणशील की आजी माझ्या समाधानासाठी रचतेय. मला ठाऊक आहे तुझा स्वभाव. म्हणून कप चिंध्यांत गुंडाळून पाठवतेय. घाल तुझ्या त्या काचेखाली.

लोभ आहेच, त्याला आता रेघ नको.

तुझ्या दोन्ही आज्या


ता. २६ मे

ति. दोन्ही आज्यांस, सा. न.

कप मिळाला. मोठ्या भिंगाखाली धरला. तुझ्या काळ्या रेघेच्या वर, कप जिथे खडबडीत झालाय तिथे, तिळाएवढे तीन लाल ठिपके आहेत. त्या ठिपक्यांपर्यंत पाणी ओतून मोजलं. बरोबर पूर्ण माप भरतं.

सरांना बोलावून दाखवलं. या वेळी ते हसले.

धाकट्या आजीची नखरंगाची बाटली घेऊन सुट्टीत येते.

बिट्टी


ता. ३ सप्टेंबर

चि. बिट्टीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. एकसष्टातल्या माद्या आता अंड्यांवर येतील. मोठ्या कोंबड्यांची नवीन पिल्लंही निघाली, त्यांनाही तिसऱ्या दिवशी भुसा पसरला. मधे चार दिवस सगळं दमट झालं आणि त्यातली सहा पिल्लं पडली, रक्तासकट. या वेळी तुला आधी विचारलं, तू हो म्हणालीस, मग औषध काढलं. फक्त त्या सहांना, वेगळं ठेवून. तू ओढलेल्या नव्या लाल रेघेपर्यंत, एक थेंब कमी नाही. धाकटी कप डोळ्यांसमोर धरून तपासत होती, जशी काही सरकारी माणूस.

तिसऱ्या दिवशी सहाही उठली आणि एकमेकांच्या डोक्यावर पाय देत दाणे टिपायला लागली. पूर्वीसारखी. औषध पुन्हा लागू पडलं, बिट्टे. पहिल्या तारखेचं पाजणं मात्र मी बंद केलंय. एक तारीख आली की हात शिवशिवतो, मग मी धाकटीकडे चहाला जाते. छत्री घरी ठेवून.

तुझ्या बापानं बिजागरी बसवली. दुपारचं ऊन खुराड्याच्या खिडकीतून थेट पिल्लांवर येतं, म्हणून मी त्याला तो निळा पडदा घेऊन यायला सांगितलं. आणला, आणि स्वतःच स्टुलावर चढून लावला. फुलाफुलांचा आहे खरंच. कोंबडा दिवसभर त्याच्यापुढे उभा असतो, त्याला वाटतं त्याच्यासाठीच आणलाय.

लोभ असाच चालू दे, आणि मापात भरू नकोस.

तुझी आजी